घरबसल्या फ्रेंच

एखादी भाषा शिकणें आणि ती शिकण्याचें पुस्तक निवडणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. पहिलें कष्टाचें आहे व दुसरें मौजेचें. म्हणून पुष्कळ लोक दुसऱ्यांतच रमून जातात. दुकानांतील फळीपुढें उभें राहून चार पुस्तकें चाळावीं, त्यांच्या किंमती ताडून पहाव्या, कोणाचें मत काय आहे तें वाचावें, आणि हें करतांना आपण फ्रेंच शिकत आहों असें समाधान मानावें, एवढा उद्योग वर्षभर सहज पुरतो. पूर्वीं गांवांत एखादेंच पुस्तक मिळे व तें ज्याच्या हातीं पडे तो तें पाठ करी. आज पुस्तकें, ध्वनिमुद्रिकांचे संच, चित्रपाठ व मोबाईलवरील खेळवजा धडे इतके झाले आहेत कीं, निवड हाच एक स्वतंत्र विषय होऊन बसला आहे.

तरी पण निवडीचा हा विचार अगदीं रिकामटेकडा नव्हे. चुकीच्या पुस्तकावर पैसा गेला तर तो पुन्हां मिळवितां येतो. परंतु साठी उलटलेल्या माणसाचा नव्या विद्येविषयींचा उत्साह एकदां मोडला, तर तो दुसऱ्यांदा बाजारांत मिळत नाहीं. 'हें आपल्याला जमण्यासारखें नाहीं' असें तो म्हणतो व स्वस्थ बसतो. वास्तविक त्याला जमलें नाहीं तें फ्रेंच नव्हे. दुसऱ्या कोणासाठीं शिवलेला अंगरखा त्याला बसला नाहीं, इतकेंच.

आमच्या घरांत फ्रेंच भाषा दोन दारांनीं आली. मीं जन्मभर शाळेंत मराठी शिकविली. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें मराठीच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला, तो वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं १९४१ सालीं 'मराठी भाषेचा विकास' या नांवानें मराठींत आणला, आणि त्या भाषांतरावरच माझ्यासारख्यांचा अभ्यास पोसला. आपल्याच भाषेची वंशावळ परक्या भाषेंत लिहिलेली असावी आणि ती आपल्याला मुळांतून वाचतां येऊं नये, ही रुखरुख मला पुष्कळ वर्षें होती. तींत दुसरी भर पडली. विठ्ठलसंप्रदायाचे अभ्यासक गी देलरी यांनीं तुकारामाच्या अभंगांचें फ्रेंच भाषांतर १९५६ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच्या नांवाचा अर्थ 'यात्रेकरूचीं स्तोत्रें' असा आहे. देहूचा वाणी पॅरिसच्या छापखान्यांतून कसा बोलतो, हें ऐकण्याची इच्छा कोणा मराठी माणसाला होणार नाहीं?

दुसरें दार माझ्या पत्नीचें. आमची मुलगी लिओं शहरीं राहते. तिचा मुलगा सात वर्षांचा आहे. लहान होता तेव्हां 'आजी, दूध', 'आजी, काऊ' असें तो बोले. शाळेंत जाऊं लागल्यापासून तो मराठी समजतो, पण उत्तर फ्रेंचमध्यें देतो. दर रविवारीं फोनवर चित्र दिसतें, हसणें होतें, आणि मग 'तो काय म्हणाला ग?' 'आजी काय म्हणते तें ऐक' असा व्यवहार मुलीच्या तोंडून सुरू होतो. पुष्कळ दिवस माझी पत्नी कांहीं बोलली नाहीं. एका रविवारीं फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "अहो, मधें दुभाष्या बसला कीं नातू पाहुण्यासारखा वाटायला लागतो. मला त्याची भाषा शिकायची आहे."

येणेंप्रमाणें एका घरांत दोन विद्यार्थी झाले, आणि दोघांनींहि 'फ्रेंच शिकणें' हाच शब्द वापरला तरी दोघांना हव्या असलेल्या वस्तु वेगळ्या होत्या. मला छापील पान बोलकें व्हायला हवें होतें; तिला एक मूल. छापील पान शब्दकोश उघडेपर्यंत थांबतें. मूल थांबत नाहीं. शिवाय फ्रेंचमध्यें कागद आणि कान यांत जेवढें अंतर आहे तेवढें मराठी माणसाच्या कल्पनेंतहि येत नाहीं. 'तो बोलतो' व 'ते बोलतात' हीं रूपें लिहिण्यांत वेगळीं आहेत, पण दोन्हींचा उच्चार 'इल पार्ल' असाच होतो. वाचणाऱ्याला अक्षरें मदत करतात. ऐकणाऱ्याला तीं दिसत नाहींत. तेव्हां एकच पुस्तक दोघांना पुरेल, ही काटकसरीची कल्पना आम्हीं प्रथमच सोडून दिली.

घरबसल्या शिकण्याच्या साधनांचीं कुळें पाहिलीं तर तीं फार नाहींत. पहिलें कुळ ध्वनिमुद्रिकांचें: लंडनची लिंग्वाफोन ही संस्था १९०१ सालची. शिक्षकाचा आवाज घरीं आणतां येतो ही कल्पना तिनें रूढ केली. दुसरें कुळ 'असिमिल'चें. आल्फोन्स शेरेल या फ्रेंच गृहस्थानें १९२९ सालीं हें काढलें. रोज एक छोटा संवाद, समोरच्या पानावर त्याचा अर्थ, खालीं चार टिपा. पहिले पन्नासएक धडे नुसते ऐकावे, वाचावे, समजून घ्यावे. मग पुढचा धडा चालू ठेवून पहिल्या धड्याकडे परत यावें, व आतां आपल्या भाषेंतून फ्रेंचमध्यें उलट भाषांतर करावें. मूल आधीं ऐकतें व मागाहून बोलतें, याच क्रमाचें हें अनुकरण आहे.

तिसरें कुळ कवायतीचें. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानें आपल्या वकिलातींतील नोकरांसाठीं जे पाठ केले, ते सरकारी असल्यामुळें कोणासहि फुकट मिळतात. त्यांत एक वाक्य द्यावयाचें, मग त्यांतील कर्ता बदलावयाचा, काळ बदलावयाचा, नकार घालावयाचा, आणि प्रत्येक वेळीं विद्यार्थ्यानें तें क्षणांत म्हणावयाचें. आपल्याकडील पाढ्यांची किंवा रूपावलीच्या घोकंपट्टीची ज्यांना संवय आहे त्यांना ही पद्धति परकी वाटणार नाहीं. चवथें कुळ केवळ कानाचें. पॉल पिम्स्लर यानें १९६७ सालीं असें मांडलें कीं, नवा शब्द पांच सेकंदांनीं, मग पंचवीस सेकंदांनीं, मग दोन मिनिटांनीं, मग दहा मिनिटांनीं असा वाढत्या अंतरानें पुन्हां विचारला तर तो टिकतो; त्याच्या नांवाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे पाठ या तत्त्वावर बांधलेले आहेत. मिशेल टॉमस हा बहुभाषी शिक्षक तर 'कांहींहि पाठ करूं नका, आठवण राहिली नाहीं तर दोष शिक्षकाचा' असें सांगून आरंभ करी. आणि २०१२ नंतर मोबाईलवरील गुणांचे, शाबासकीचे व रोजच्या हजेरीचे खेळ आले. ते संवय लावतात, ही त्यांची जमेची बाजू.

यांपैकीं कोणतीहि पद्धति वाईट नाहीं. परंतु बाजारांत मोठ्या नांवानें चालणारे बहुतेक पाठ इंग्रजी बोलणाऱ्या माणसासाठीं रचलेले आहेत. त्याला काय कठीण जातें हें पाहून त्यांतील टिपा लिहिलेल्या आहेत. मराठी माणसाच्या अडचणी वेगळ्या, आणि त्याची शिदोरीहि वेगळी.

शिदोरी प्रथम पाहूं. फ्रेंच 'त' आणि 'द' हे दांतांवर जीभ टेकवून म्हणावयाचे असतात, आणि 'प', 'त', 'क' म्हणतांना श्वासाचा झोत सोडावयाचा नसतो. इंग्रज विद्यार्थ्याला हें शिकविण्यांत पानें खर्ची पडतात; आपल्या पोरांना तें पाळण्यांतच येतें. 'तूं' व 'तुम्ही' यांतील भेद आपल्याला समजावून द्यावा लागत नाहीं. निर्जीव वस्तूला लिंग असतें याचें इंग्रजाला आश्चर्य वाटतें. आपल्याकडे तर तीन लिंगें आहेत, फ्रेंचमध्यें दोनच. दोन शब्द जवळ आले म्हणजे मधें नवा ध्वनि उमटतो, जसे 'ले' आणि 'आमी' मिळून 'लेझामी', याला संधि शिकलेला माणूस बिचकत नाहीं. ब्याण्णव या संख्येला फ्रेंच 'चार विसा बारा' म्हणतात, ऐंशीला 'चार विसा'. पाठ्यपुस्तकें याची गंमत करतात. पण आमच्या आजीच्या तोंडीं नारळ आणि आंबे विसांनींच मोजले जात. पावणेनऊ वाजले हें सांगतांना फ्रेंच मनुष्य 'नऊ, पाव उणा' म्हणतो. आपला 'पावणे' शब्दहि 'पाव उणा' याच हिशेबाचा आहे.

सर्वांत मौज वाटली ती भूतकाळाची. 'मीं पत्र लिहिलें, चिठ्ठी लिहिली' असें आपलें क्रियापद कर्माच्या मागें जातें. फ्रेंचमध्यें कर्म पुढें येऊन बसलें कीं हाच प्रकार होतो: 'मीं लिहिलेली चिठ्ठी' यांतील 'लिहिलेली' तेथेंहि स्त्रीलिंगी होतें. इंग्रजी पुस्तकांत या नियमापुढें धोक्याची खूण असते. मला तो नियम वाचून घरीं आल्यासारखें वाटलें.

आतां उणी बाजू. फ्रेंचमधील एक स्वर असा आहे कीं जीभ 'ई'साठीं ठेवावी व ओठांचा चंबू 'ऊ'साठीं करावा. तो साधला नाहीं तर 'रस्ता' म्हणावयास जावें आणि 'चाक' म्हटलें जावें असा प्रसंग येतो. त्यांचा 'र' जिभेच्या शेंड्यावर नसून घशांत असतो. नामापूर्वीं जो छोटा शब्द सदैव लावावा लागतो, 'ल', 'ला', 'ले' किंवा 'द्यू', त्याला मराठींत जोडच नाहीं. आपण 'पाणी दे' म्हणतों. फ्रेंच मनुष्याला 'कांहीं पाणी' कीं 'तें पाणी' हें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. इंग्रजाच्या भाषेंत असे शब्द असल्यामुळें पुस्तक याबद्दल फार बोलत नाहीं. तेव्हां माझा पहिला निष्कर्ष असा कीं, पुस्तक कितीहि चांगलें असो, त्याच्या कडेला आपली स्वतःची मराठी टीप लिहिण्याइतकी जागा व सवड ठेवावी. जेथें तें विस्तार करतें तेथें बहुधा आपल्याला झरझर जातां येतें, आणि जेथें तें गप्प असतें तेथें आपल्याला थांबावें लागतें.

माझ्या पत्नीपुढें अडचण निराळी होती. तिचें शिक्षण मराठींतून झालें. इंग्रजी ती वाचते, पण त्यांत तिचा जीव रमत नाहीं. केवळ कानाचे म्हणून जे पाठ होते ते तिला सोपे पडतील असें प्रथम वाटत होतें. त्यांत एक गृहस्थ इंग्रजींत विचारतो, 'अमुक कसें म्हणाल?' आणि उत्तरासाठीं चार सेकंद थांबतो. ते चार सेकंद तिचे इंग्रजी वाक्य समजण्यांतच जात. तिसऱ्या दिवशीं ती हसून म्हणाली, "हा मला आधीं इंग्रजी शिकवणार आणि मग फ्रेंच! एक दुभाष्या काढायला बसलें, तर घरांत दुसरा आला."

या वाक्यानें आमचा प्रश्न सुटला. मधली भाषा नको असेल तर जेथें ती मुळींच नाहीं असा पाठ शोधावा. येल विद्यापीठांतील पिएर काप्रेत्झ यांनीं १९८७ सालीं दूरचित्रवाणीसाठीं केलेला 'फ्रेंच इन अॅक्शन' हा बावन्न भागांचा क्रम तसा आहे. प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा. पहिल्या भागाच्या थोड्या प्रास्ताविकानंतर सर्व शिक्षण फ्रेंचमध्येंच चालतें. मिरेय नांवाची फ्रेंच मुलगी आणि रोबेर नांवाचा अमेरिकन तरुण यांची गोष्ट पुढें सरकते, आणि एकच शब्द निरनिराळ्या चित्रांतून इतक्या वेळां भेटतो कीं अर्थ आपोआप उलगडतो. इंग्रजी चांगलें येणाऱ्या मला यांत गुदमरल्यासारखें होई. प्रत्येक शब्दाचा अर्थ कोणी लेखी द्यावा असें वाटे. ती मात्र शांतपणें पाहत बसे. लग्न होऊन दुसऱ्या प्रांतांत गेलेल्या मुली शेजारणींकडून तेथील भाषा अशाच शिकतात. त्यांना कोणी कोश देत नाहीं. ज्या गोष्टीला आम्ही तिचें उणेपण समजत होतों, ती या पाठापुढें तिची सोय ठरली.

माझ्यासाठीं मीं सँडबर्ग आणि टेथम यांचें १९६८ चें 'फ्रेंच फॉर रीडिंग' हें पुस्तक घेतलें. बोलण्याची उमेद न धरतां केवळ वाचूं इच्छिणाऱ्या अभ्यासकासाठींच तें रचलेलें आहे. इंग्रजीशीं मिळतेजुळते शब्द आधीं, मग क्रियापदांचीं रूपें ओळखणें, मग लांब वाक्यांची उकल, असा त्याचा क्रम. त्याच्या जोडीला असिमिलचा रोजचा धडा ऐकण्यासाठीं ठेवला. कारण वाचणारा माणूस मनांतल्या मनांत उच्चार केल्यावांचून राहत नाहीं, आणि शिक्षक नसेल तर तो उच्चार मराठीच्या धर्तीवर प्रत्येक अक्षराला न्याय देत सुटतो. फ्रेंच शब्दाच्या शेवटचीं बरीचशीं व्यंजनें मुकीं असतात. त्यांना न्याय देणें हाच तेथें अन्याय होय.

वेळेचा हिशेबहि आधींच करावा. 'तीन महिन्यांत फ्रेंच' असें वेष्टणावर लिहिलेलें असतें. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या शिक्षणसंस्थेचा पूर्वींचा अंदाज असा होता कीं, इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला कामकाजापुरती फ्रेंच येण्यास तीस आठवडे, म्हणजे वर्गांतील सुमारे ७५० तास, लागतात. रोज अर्धा तास देणाऱ्याला तेवढ्यासाठीं पंधराशें दिवस, म्हणजे चार वर्षांहून अधिक हवीं. हा आंकडा ऐकून घाबरण्याचें कारण नाहीं. सात वर्षांच्या नातवाशीं बोलण्यास वकिलातीच्या कामाइतकी भाषा लागत नाहीं. परंतु तीन महिन्यांनीं कांहीं आलें नाहीं म्हणून जो स्वतःला मंदबुद्धि समजतो, त्यानें हा गुणाकार अवश्य करून पहावा.

म्हणून कोणी मला विचारलें, तर पुस्तकाचें नांव सांगण्याआधीं मी चार गोष्टी विचारतों. वर्षानें या भाषेंत नेमकें काय करावयाचें आहे? मधली भाषा तुम्हांला हातभार लावते कीं ओझें होते? रोज जितका वेळ खरोखर मिळतो तितक्यांत एक धडा संपतो का? आणि तुमची चूक कोण ऐकणार? हा शेवटचा प्रश्न घरबसल्या विद्येचें वर्म आहे. छापील पुस्तकाला कान नसतात. पुण्या-मुंबईस आलियाँस फ्रांसेझचे वर्ग आहेत. ज्यांना जाणें शक्य आहे त्यांनीं आठवड्यांतून एकदां तरी कोणाच्या कानावर आपली फ्रेंच घालावी. माझ्या पत्नीला गुडघ्यांमुळें जिने चढवत नाहींत. तिची चूक ऐकावयास रविवारचा मास्तर होता.

तो मास्तर कडक निघाला. 'रस्ता' आणि 'चाक' यांतील भेद त्यानें तिच्याकडून वीस वेळां म्हणवून घेतला, आणि साधल्यावर टाळ्या पिटल्या. मुलगी बाजूस बसून गप्प होती. तिच्या मध्यस्थीचें काम पडलें नाहीं. कांहीं महिन्यांनीं फोन ठेवण्याच्या वेळीं तो 'त्यू म माँक' असें पुटपुटला. इंग्रजी पुस्तकें या वाक्याचा कर्ता कोण व कर्म कोणतें हें समजावण्यांत बराच खटाटोप करतात, कारण शब्दशः तें 'तूं मला उणी आहेस' असें आहे. तिला कोणाला विचारावें लागलें नाहीं. "मला तुझी उणीव भासते असें म्हणाला," एवढें सांगून ती स्वयंपाकघरांत गेली.

आज सव्वा वर्ष झालें. ब्लॉकचें एक पान मला कोश घेऊन तासाभरांत लागतें; तिला पाऊस, शाळा, जेवण, दुखलेला दांत एवढ्या विषयांवर नातवाशीं बोलतां येतें. माझ्याइतकें तिला वाचतां येत नाहीं व तिच्याइतकें मला बोलतां येत नाहीं. रात्रीं मी देलरींच्या पुस्तकांतून थोडें मोठ्यानें वाचतों. ती माझे उच्चार सुधारते, मी तिला न समजलेल्या शब्दांचा अर्थ सांगतों. आणि चारपांच ओळी झाल्या कीं, "थांबा, हा कोणता अभंग तें कळलें," असें म्हणून ती मूळ चरण म्हणूं लागते. तिला ते लहानपणापासून पाठ आहेत. नातवाला हें पुस्तक वाचतां येण्यास अजून सातआठ वर्षें अवकाश आहे. तोंवर त्यांतील एकएक स्तोत्र मराठींत कसें म्हणतात हें त्याला फ्रेंचमध्यें सांगतां यावें, एवढ्यासाठीं तिनें परवां बावन्नांपैकीं एकतिसावा भाग सुरू केला आहे.